लागू नाही

दादा, काल तुझा व्हिसा रद्द झाला.

शारजात आपल्या अल मजाजच्या मागच्या गल्लीतलं ते टायपिंग सेंटर. आम्हा सगळ्यांचे कागद तू तिथूनच करून घ्यायचास. काउंटरवर तीच केरळी मुलगी होती. तिनं पासपोर्ट उघडला, फोटो बघितला आणि म्हणाली, "ये अंकल तो हर बार चॉकलेट लाते थे." मग स्क्रीनकडे वळून विचारलं, "कॅन्सलेशन का रीझन?" वहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्यासमोर तो शब्द माझ्या तोंडून निघेना. मी डेथ सर्टिफिकेट पुढे सरकवलं. तिनं ते वाचलं, मान खाली घातली आणि टाइप करत राहिली. अठ्ठावीस वर्षं तू या देशात काढलीस, दादा. दहा मिनिटांत काम झालं.

ती मुलगी भली आहे. म्हणाली, मॅडम अर्ज करू शकतात, नवरा गेल्यावर बायकोला वर्षभर राहता येतं, मुलीलाही. वहिनी मराठीतच म्हणाल्या, "कोणासाठी?" तिला मराठी येत नाही, पण तिनं तो फॉर्म परत खाली ठेवून दिला.

तुला जाऊन एकवीस दिवस झाले. लोकांचे फोन येतात. तू किती साधा होतास, किती मदत करायचास, हे सगळे मला सांगतात, जणू मला ते ठाऊक नाही. मी हं हं करते. मला त्यांच्याशी बोलायचंच नाहीये. तुझ्याशी बोलायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलं, आणि त्यातलं माझं शेवटचं वाक्य मला परत घ्यायचंय.

आपण दोघं कोळशावर वाढलो, असं तू नेहमी म्हणायचास. बाबा विदर्भातल्या थर्मल वीजकेंद्रात होते. कॉलनीत दोरीवरचे कपडे घरात आणण्याआधी झटकावे लागायचे, नाहीतर शाळेच्या पांढऱ्या शर्टावर राखेची रांगोळी. मी अकरावी-बारावी करून पुण्याला गेले त्या वर्षी तू इकडे आलास, रास अल खैमाच्या उघड्याबोडक्या डोंगरांखालच्या सिमेंटच्या कारखान्यात. नवी भट्टी बसवायला आलेल्या टीममधला सगळ्यात लहान तू. ती भट्टी म्हणजे जमिनीला जवळजवळ समांतर असलेलं, हळूहळू फिरणारं एक अजस्र पोलादी नळकांडं. आत चुनखडी भाजून तिचे गोळे होतात, क्लिंकर म्हणतात त्यांना, आणि ते दळले की सिमेंट. पहिल्यांदा ती पेटली तेव्हा तू बाबांना ट्रंक कॉल लावल्यासारखं ओरडून सांगितलंस, "बाबा, पेटली!" आणि बाबा म्हणाले, "आता विझू देऊ नको." तेवढंच बोलले. त्यांना फोनवर बोलता यायचं नाही.

पुढे ती भट्टी जुनी झाली, शेजारी दुसरी आली, तू जुनीचा प्रमुख झालास. मुक्ता उशिरा झाली. तिच्या शाळेसाठी तुम्ही शारजात घर घेतलंत, आणि तू रोज पहाटे कंपनीच्या बसनं रास अल खैमाला जायला लागलास.

अकरा वर्षांपूर्वी माझं लग्न मोडलं आणि पाठोपाठ पुण्यातली नोकरीही गेली. तेव्हा तू एकही प्रश्न विचारला नाहीस. तिकीट पाठवलंस आणि म्हणालास, "इकडे ये. ऊन फार आहे, पण कोणी विचारत नाही." तुमच्या हॉलमध्ये मी सात महिने झोपले. ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये मी चार वेळा नापास झाले आणि चारही वेळा तू बाहेर उन्हात उभा होतास. पाचव्यांदा पास झाले तेव्हा तू म्हणालास, "आता दुबईतले सगळे सिग्नल तुझ्या ओळखीचे झाले." अल बर्शातलं घर तू शोधून दिलंस, मेट्रोपासून चालत सात मिनिटं, स्वतः चालून मोजलंस. ऊर्जेच्या क्षेत्रात सल्ला देणाऱ्या त्या छोट्या फर्ममध्ये मला नोकरी लागली तेव्हा तू सगळ्या कारखान्यात पेढे वाटलेस. मला आज हे लिहिताना लाज वाटते.

रविवारी मी तुमच्याकडे यायचे. जेवण झालं की आपण बाल्कनीत बसायचो, खाली खालिद लगूनचं हिरवट पाणी, आणि वाद सुरू. वहिनी म्हणायच्या, "बसले भाऊबहीण देश चालवायला."

आमच्या ऑफिसात एक मोठा रिपोर्ट चालला होता. पाच देश निवडले होते: जर्मनी, डेन्मार्क, ब्रिटन, भारत आणि आपण राहतो तो. कारखाने आणि वीज कोळशातेलावरून स्वच्छ ऊर्जेकडे नेताना कोण काय करतं, कोणाचं काय चुकतं, याची तुलना. मी तुला कौतुकानं विषय सांगितला: ऊर्जा-संक्रमण. तू चष्मा काढून माझ्याकडे बघितलंस. "म्हणजे कोणावर तरी संक्रांत येणार."

"दादा, जोक पुरे."

"जोक नाही गं. कोणावर येते, तेवढं लिहा रिपोर्टात."

तुझा या बदलाला विरोध नव्हता, हे मला लोकांना ओरडून सांगावंसं वाटतं. उलट तू माझ्यापेक्षा जास्त खूश व्हायचास. आपण दुबईच्या दक्षिणेला तो सोलर पार्क बघायला गेलो होतो, तुला आठवत असेल. नजर पोचेल तिथपर्यंत वाळूवर निळी काच. तू गाडीतून उतरून कितीतरी वेळ नुसता उभा होतास. "बाबांनी हे बघायला हवं होतं," म्हणालास. "ना धूर, ना राख. नुसतं ऊन." आणि मग, "यांचं एक मानलं पाहिजे. ठरवलं की करतात. आपल्याकडे जमिनीचा सातबारा सापडेपर्यंत सूर्य मावळला असता."

मी म्हणायचे, जर्मनी बघ, लोकांशी बोलून करतात. खाणवाले, युनियन, सरकार, गावचे लोक, सगळे एका टेबलाशी बसतात. तू म्हणायचास, "बसतात, अन् बसूनच राहतात. तोवर कोळसा जळतोच आहे." पुढच्या रविवारी तूच उलटा. "पण बघ ना नीलू, तिथला माणूस घरी जाऊन बायकोला सांगू शकतो, अमुक वर्षी आपलं बंद होणार. पोराचं शिक्षण होईल तोवर. याला काही किंमत आहे की नाही?" ब्रिटनचं नाव काढलं की तू गप्प व्हायचास. तुमच्या कारखान्यात कधीकाळी एक म्हातारा वेल्श सल्लागार आला होता. त्याच्या गावातली खाण बंद झाली आणि नंतर गावातलं काहीच परत उघडलं नाही, असं त्यानं तुला जेवताना सांगितलेलं. डेन्मार्कबद्दल मी बोलायला लागले, पवनचक्क्यांमध्ये गावकऱ्यांचीच मालकी वगैरे, की तू हसायचास. "त्यांचा अख्खा देश म्हणजे आपले दोन-चार जिल्हे." आणि भारत? "भारतात सगळंच चालू. छपरावर सोलर, छपराखाली कोळसा. बाबांचं युनिट बंद झालं तेव्हा परमनंट लोकांची बदली झाली. अन् राख उपसणारे कंत्राटी? त्यांचं काय झालं, तुझ्या रिपोर्टात आहे?"

माझ्या रिपोर्टात नव्हतं. "डेटा मिळत नाही," मी म्हणाले.

"मी देतो. बाबांच्या हाताखालचा गणपत आता पंक्चर काढतो. लिही."

मी हसले होते, दादा. तूही हसलास. पण तू ते खरंच सांगत होतास.

मग मी तुझ्या कारखान्यात आले. इथल्या प्रकरणासाठी आम्ही पाच-सहा कारखान्यांतून आकडे गोळा करत होतो, त्यात तुमचा होता. मी ऑफिसात आधीच सांगितलं की तिथे माझा भाऊ आहे. बॉस म्हणाले, "एक्सलंट, गेट पास लवकर मिळेल." संक्रांतीच्या आसपासचे दिवस होते, हवा सुखाची होती. तू गेटवर माझ्यासाठी हेल्मेट घेऊन उभा होतास आणि सगळ्यांना सांगत होतास, "मेरी छोटी बहन. साहब लोगों को सलाह देती है."

मीटिंग रूममध्ये मॅनेजमेंटनं तयार केलेला तक्ता माझ्यापुढे ठेवला. एक टन क्लिंकर भाजायला किती इंधन लागतं, त्याचा एकच आकडा होता, दोन्ही भट्ट्यांची सरासरी. त्यात खोटं काही नव्हतं. नव्या भट्टीच्या आड जुनी झाकली गेली होती, एवढंच. मी तो उतरवून घेतला. सगळे चहाला उठले. तू मागे थांबलास.

"हा आकडा घेऊन जाणार?"

"का? चूक आहे?"

"चूक नाही." तू खिशातून पेन काढलंस, तक्त्यावर मधोमध रेघ ओढलीस आणि जुन्या भट्टीचा आकडा वेगळा लिहिलास. पाठ होता तो तुला, रोज सकाळी लिहायचास. खाली तारीख टाकलीस, सही केलीस. तो आकडा मी दोनदा वाचला. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. असला आकडा तक्त्यात गेला, की ती भट्टी बंद करायच्या यादीत पहिली.

"दादा, हे द्यायलाच पाहिजे असं नाही," मी हळूच म्हणाले. "सरासरी दिली तरी रूलमध्ये बसतं."

"मग तुझा रिपोर्ट कशाला? सरासरीनंच देश चालवा." आणि मग एकदम हळू आवाजात, "म्हातारी झालीय ती नीलू. फार खाते. मला दिसतं रोज."

मी तो आकडा दिला. इथलं प्रकरण बाकी रिपोर्टच्या आधीच तो मागवणाऱ्या क्लायंटकडे गेलं, आणि त्यातल्या आमच्या शिफारशीत तुझी भट्टी सगळ्यात आधी बंद करावी असं आलं. ते वाक्य माझ्या टीमनं लिहिलं आणि मी तपासलं. मला त्यात एक शब्दही बदलावासा वाटला नाही, कारण ते बरोबर होतं.

महिन्या-दीड महिन्यानं तुम्हाला नोटीस आली. जुनी लाइन बंद, नवीवर थोडी माणसं वळवणार, बाकीच्यांनी व्हिसा रद्द झाल्यावर मिळणाऱ्या ग्रेस पिरियडमध्ये दुसरं बघावं किंवा परत जावं. तू अठ्ठावन्नाचा. वळवलेल्यांत तुझं नाव नव्हतं. तू मला फोनवर सांगितलंस ते असं, की "चला, आता नागपूरला आंब्याचं झाड लावतो." मी म्हणाले, "दादा..." तू म्हणालास, "मुक्ताची बारावी झाली की निघू, टायमिंग चांगलं आहे." त्यानंतर कितीतरी रविवार आपण सगळ्या देशांबद्दल बोललो आणि या एका गोष्टीबद्दल एक अक्षर बोललो नाही. तू मला वाचवत होतास, आणि मी वाचवून घेत होते.

तो शेवटचा रविवार. मी वहिनींना थालीपिठं थापायला मदत करत होते आणि माझा लॅपटॉप डायनिंग टेबलवर उघडा होता. तू चष्मा लावून वाचत होतास. तुझा आवाज आला, "नीलू, इकडे ये."

तो शेवटचा तक्ता होता. आडव्या ओळींत देश. उभ्या रकान्यांत निर्णय कोण घेतं, खर्च कोण करतं, वेग किती, आणि शेवटचा रकाना: कामगारांसाठी काय तरतूद. जर्मनीच्या चौकटीत मजकूर मावत नव्हता. डेन्मार्कला नवं प्रशिक्षण. ब्रिटनला 'उशिरा आणि अपुरी'. भारताला 'कायम कर्मचाऱ्यांची बदली'. आणि इथल्या ओळीत दोन शब्द. तुझं बोट त्यांच्यावर होतं.

"लागू नाही म्हणजे?"

हात पिठाचे होते, मी घाईत होते. "अरे, तो रकाना तिथल्या नागरिकांसाठी असतो. इथे कारखान्यातली जवळजवळ सगळी माणसं बाहेरची. काँट्रॅक्ट संपलं की आपापल्या देशात जातात. त्यामुळे तो प्रश्न इथे येत नाही."

"आपापल्या देशात जातात," तू म्हणालास. "मग त्या देशाच्या ओळीत धरलीत का त्यांना?"

"नाही. ती तिथल्या कारखान्यातली नाहीत ना."

"म्हणजे मी भारताच्या ओळीत नाही."

मी हातावरचं पीठ खरवडायला लागले.

"अन् इथल्या ओळीत लागू नाही."

"दादा, स्कोपमध्ये नाहीये ते."

"स्कोप कोण ठरवतं?"

"क्लायंट."

"त्याला सांगून बघितलं?"

मला राग आला. तू शांत होतास म्हणूनच आला. दीड महिना मनात कोंबून ठेवलेलं सगळं भलतीकडून बाहेर पडलं. मी म्हणाले, "तुझी एक नोकरी गेली म्हणून मी पाच देशांचा रिपोर्ट बदलू का?"

स्वयंपाकघरातला तव्याचा आवाज थांबला. तू चष्मा काढलास, पुसलास. "नको बदलू," म्हणालास, आणि स्वयंपाकघराकडे बघून, "थालीपीठ करपतंय बघ." जेवताना तू माझ्या पानात लोण्याचा गोळा वाढलास. लिफ्टपर्यंत सोडायलाही आलास. त्यानंतर अकरा दिवस आपण फोन केला नाही. तू रागावला असशील असं मला वाटलं. आता वाटतं, मी आधी करावा म्हणून तू थांबला असशील.

बाराव्या दिवशी दुपारी तू बसमध्ये गेलास. खिडकीपाशी बसला होतास. सगळ्यांना वाटलं, डोळा लागला. बसचे ड्रायव्हर खानसाहेब मला नंतर सांगत होते आणि सांगताना त्यांची दाढी भिजत होती. अल मजाजच्या स्टॉपवर त्यांनी आरशात बघून नेहमीसारखी हाक मारली, "इंजिनियर साब, घर आ गया." तू उठला नाहीस. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग बस बंद करून ते मागे आले. हॉस्पिटलात डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. ऊन होतं, ताण होता, वय होतं, सगळीच कारणं होती. मी त्यात आणखी एक धरते. कोणी म्हणत नाही तसं, पण मी धरते.

तुला इथेच निरोप दिला. रास अल खैमाहून ती बस भरून माणसं आली, ड्यूटीचे कपडे तसेच, बुटांवर सिमेंटची पूड. ती बस खानसाहेबांनीच चालवली. त्यातला एक माणूस सगळं होईपर्यंत माझ्या जवळपास घुटमळत होता. नंतर त्यानं नाव सांगितलं, युनूस. बांगलादेशचा, तुझ्या भट्टीचा बर्नर सांभाळायचा, सोळा वर्षं. तुला आणि वहिनींना तो माणूस चांगला ठाऊक; मला त्या दिवशी कळला.

"दीदी, साब ने सबका कागज बनाया," तो म्हणाला. नोटीस आल्यापासून दोन महिने तू रोज जेवणाच्या सुट्टीत एकेकाला समोर बसवून त्याचं काम लिहून काढत होतास. काय येतं, किती वर्षं केलं, कोणत्या मशिनवर केलं. मग ओमान, सौदी, आफ्रिकेतले कारखाने, सोलरवाले, सगळीकडे मेल. चौदा जणांना काम लागलं. नऊ अजून बाकी आहेत. "अपना कागज नहीं बनाया. मैंने बोला, साब आप? बोले, मेरा तो घर पे आम का पेड़ है."

मग खाली बघून म्हणाला, "साब ने हमको पहले ही दिन बोल दिया था. नंबर मैंने दिया. दोनों का जोड़ के देता तो भट्टी दो-चार साल और चलती. मैंने सच्चा दिया, इसलिए बंद हुई. जिसको गाली देना है मेरे को दो." त्यानंतर आठवडाभर कितीजण तुझ्याशी बोलत नव्हते म्हणे. युनूसही बोलत नव्हता. 

मी विचारलं, "नंबर किसको दिया, ये बताया?"

"नहीं दीदी. बोले, कोई कंपनी से आया था."

मेरी छोटी बहन, असं गेटवर उभं राहून सांगणारा तू. त्यांनी मला हेल्मेट घातलेली बघितली होती, दादा. पण तुझा शब्द तो शेवटचा शब्द. कोई कंपनी से आया था.

ऑफिसला परत गेल्यावर मी बॉससमोर जाऊन बसले. म्हणाले, तो शेवटचा रकाना मला पुन्हा लिहायचाय. ते चांगले आहेत, लेबनॉनचे, त्यांचं स्वतःचं घर त्यांनी दोनदा सोडलंय. त्यांनी दार लावलं, पाणी दिलं. "हबीबती, आय अंडरस्टँड. बट इट हॅज गॉन." रिपोर्ट क्लायंटकडे पोचला होता, मंजूर झाला होता. मी तो उघडून बघितला. सुरेख छापलाय. मागच्या परिशिष्टात आकड्यांचा उगम दिलाय. तुझं नाव नाही, फक्त 'कारखान्याकडून प्राप्त'.

त्या नऊ जणांची नावं मी युनूसकडून घेतली आहेत. रोज दोघांसाठी फोन करते. काल एकाचं ओमानात सोहारला जमेलसं वाटलं. हे तुला सांगितलं तर तू म्हणशील, "आठ राहिले." म्हण.

आणि काल संध्याकाळी, टायपिंग सेंटरवरून परतल्यावर, मी वहिनींना सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित. पण त्या सामान बांधत होत्या, तुझे शर्ट घडी करत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, "कोण होता गं तो कंपनीतून आलेला माणूस? युनूसची बायको फोनवर म्हणत होती. त्याला कसं वाटत असेल?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना त्या माणसाची काळजी वाटत होती. ते मला सहन झालं नाही.

मी म्हणाले, "मी होते, वहिनी."

त्यांनी हातातला शर्ट पुरता घडी केला. बॅगेत ठेवला. त्यावर दुसरा ठेवला. मी सगळं सांगत गेले, रेघ, सही, शिफारस, तो तक्ता, आणि लागू नाही. त्या ऐकत होत्या की नाही कळेना. संपल्यावर त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुम्ही निघा आता. ट्रॅफिक लागेल."

तुम्ही. सत्तावीस वर्षांत वहिनींनी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं, दादा. मी एकोणीस वर्षांची असताना त्या आपल्या घरात आल्या, तेव्हापासून "नीलू, तू". मी पर्स उचलली आणि निघाले. लिफ्टपर्यंत कोणी आलं नाही.

आज दुपारी त्या दोघी गेल्या. शारजाहून नागपूर. तुझा कलश वहिनींनी हातातल्या बॅगेत घेतला होता, शालीत गुंडाळून, त्याचे कागद वेगळ्या पाकिटात. मी गाडी घेऊन गेले, तर त्यांनी आधीच टॅक्सी बोलावली होती. मी टॅक्सीच्या मागे मागे विमानतळावर गेले. आत रांगेपाशी मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.  बॅगेचा पट्टा घट्ट धरून पुढे गेल्या.

मुक्ता मागे राहिली. आईनं तिला सगळं सांगितलं असावं. तू गेल्यापासून ती माझ्यासमोर रडलेली नाही. तिनं कानातले इयरफोन काढले आणि तुझ्यासारखंच, एकदम मुद्द्यावर आली.

"आत्या, डिड बाबा नो? दॅट इट वुड शट डाउन?"

"हो."

"बिफोर ही गेव्ह यू द नंबर?"

"आधीपासून. माझ्याही आधीपासून."

"डिड यू टेल हिम नॉट टू?"

मला खोटं सांगता आलं असतं. "हळूच म्हणाले होते," मी म्हणाले. "एकदाच. मग घेतला."

तिनं मान हलवली. आईकडे बघितलं, आई काउंटरपाशी पोचली होती, पासपोर्ट पुढे करत होती. "ममा वोन्ट टॉक टू यू फॉर अ लाँग टाइम," ती म्हणाली. "बट यू कॉल मी. नॉट हर. मी." आणि गेली. तिनं आईच्या हातातली बॅग घेतली, कलश असलेली, आणि छातीशी धरली. मी काचेपाशी उभी राहिले, त्या आत वळेपर्यंत. दोघींपैकी कोणी मागे बघितलं नाही.

उद्या मी तिला फोन करणार आहे. आज ना उद्या ती विचारेलच, की तुला सगळं ठाऊक होतं, तर मग तू का लिहिलास तो आकडा. मला तिला सांगता यायला हवं. जर्मनी कसं करतं, डेन्मार्क कसं करतं, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. तू कसं केलंस ते मला अजून सांगता येत नाही, दादा.